रेणुकाची खुर्ची

जानेफळच्या रेणुकाला पीएच.डी.चं शेवटचं प्रकरण दिवाळीआधी द्यायचं होतं. गावात सोयाबीन आल्यावर ताटातली ज्वारी कुठे गेली, हा तिचा विषय. माहिती ढीगभर जमली होती, पण लिहायला बसलं की उठावंसंच वाटायचं.

मग तिला रखडलेल्या संशोधकांचा एक टेलिग्राम ग्रुप सापडला. रोज सकाळी सगळ्यांनी व्हिडिओ कॉल लावायचा, आवाज बंद करायचा आणि मुकाट्यानं लिहायचं. खुर्ची वारंवार रिकामी दिसली की ग्रुपमधून नाव कमी. नियम जाचक होता, पण इतरांच्या खाली घातलेल्या माना पाहिल्या की तिचाही हात चालायचा.

सासरे वामनराव मात्र धुसफुसायचे. "अभ्यास करून राह्यली का फोन पाहून राह्यली? अन् हे लोकं बोलत काऊन नाहीत? भांडले काय?" रेणुकानं नियम समजावला, तर म्हणाले, "हे तं शाळाच झाली!" आणि निघून गेले.

घरात हाका काही थांबेनात. एके सकाळी ग्रुपची शेवटची ताकीद आली, आणि नेमके तेव्हाच देऊळगाव राजाचे पाहुणे दारात. सासूबाई कोकिळाबाईंनी हाक मारली, "रेणुका, पोहे टाक वं." नाही म्हणायची सोयच नव्हती. कांदा चिरताना तिचा जीव टांगणीला लागला होता. ग्रुप गेला, प्रकरणही गेलं, हे तिनं धरूनच चाललं. सगळ्या घराचा राग आला तिला.

पोहे देऊन ती धावत खोलीत आली. खुर्चीत वामनराव! डोक्यावर धुतलेली टोपी, पुढ्यात पेपर, मान खाली. पाहुणे बाहेर त्यांची वाट पाहत होते आणि हे इथे श्वाससुद्धा जपून घेत होते. स्क्रीनवर नांदेडची एक मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती.

"मामाजी, पाहुणे?"

"खाऊ दे त्याहिले," ते कुजबुजले. "खुर्ची रिकामी दिसली असती तं काढलं असतं ना तुले."

रेणुकाचा जीव भांड्यात पडला. तिनं पाहिलं, ग्रुपमध्ये तिचं नाव होतं. हसावं की रडावं तिला कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

वामनराव उठले, तिला बसवलं, आणि दारातूनच कोकिळाबाईंना म्हणाले, "तिले आता हाक नको मारजो. चहा मी मांडतो."