मेलेलं पारडू

शेठने नाकाला रुमाल लावला आणि पायाने दाखवलं. "उचल ते."

शेणात मेलेलं पारडू पडलं होतं. अंगावर पुरते केसही आलेले नव्हते. बाजूला त्याच्यासोबत पडलेली वार. म्हशीने दिवस भरायच्या आधीच गाभ टाकला होता. कामणजवळच्या त्या तबेल्यात मी चार वर्षं शेण काढत होते. तेव्हा मला पाचवा महिना होता.

"शेठ, मी पोटुशी हाय. दुसऱ्या कोनाला सांगा ना."

शेठ हसला. "तुम्हाला काय होतंय? तुमची पोरं शेणातच निपजतात."

तेवढ्यात त्याची सून दारात आली. तिलाही दिवस गेले होते. शेठ असा ओरडला की म्हशी दचकल्या. "आत जा! इकडे पाऊल टाकायचं नाही!"

मी उचललं. उघड्या हातांनी. अजून कोमट होतं. घमेल्यात घालून मागच्या नाल्यात टाकलं. साबण मागितला. शेठाणी म्हणाली, "राख घे." त्याच हातांनी दुपारी भाकरी खाल्ली.

महिन्याभरात ताप धरला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा. कंबर, गुडघे तुटायचे. तशीच कामाला जायचे. एके दिवशी तबेल्यातच पोटात कळा आल्या. मूल गेलं. मुलगी होती. नवऱ्याने पाड्यामागे पुरली. सासू म्हणाली, बाहेरचं लागलं.

तिसऱ्या दिवशी शेठचा निरोप. "शेण साचलंय. सासूला तरी पाठव."

सासू गेली. मग मीही गेले. पोट भरायचं होतं ना. पावसाळ्यात आणखी दोन म्हशी गाभडल्या.

पावसाळा सरल्यावर पाड्यावरच्या अंगणवाडीत जनावरांची सरकारी डॉक्टरीण आली. फक्त बायकांना बोलावलं होतं. म्हणाली, शेण, धार, म्हशीचं बाळंतपण, सगळं तुमच्या हातून होतं. म्हणून जनावराचा रोग आधी तुम्हाला गाठतो. तो अडवायचा तर तुम्हीच अडवाल. गाभ टाकलेलं पारडू, वार उघड्या हाताने धरू नका. पोटुशीने जवळही जायचं नाही. खोल खड्डा करा, वर चुना टाका. दूध उकळूनच प्या.

मी उठले. "ताय, त्यानं बाईचं मूलबी जातं?"

ती माझ्याजवळ आली. "जाऊ शकतं. ताप येत होता का?"

माझं रक्त तपासलं. म्हशीचाच रोग निघाला. दीड महिना गोळ्या खाल्ल्या. तबेल्याचं नाव सांगितलं तेव्हा डॉक्टरणीचा चेहरा उतरला. "त्या शेठना मी गेल्याच वर्षी हे सगळं सांगून आले होते."

त्या रात्री मी रडले नाही. शेठने सुनेला आत का पिटाळलं ते कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीण म्हशींचं रक्त घ्यायला तबेल्यात आली. शेठने हात जोडले. "मॅडम, आमच्याकडे एकही म्हैस गाभडलेली नाही. विचारा हिला. सांग गं."

मी शेणाची पाटी खाली ठेवली.

"तीन गाभडल्या. ती, ती आनि ती कोपऱ्यातली. तिन्ही पारडी मी नाल्यात टाकली. खाली आमचा पाडा तेच पानी वापरतो. आनि शेठ, तुमाला म्हाईत होतं. सुनेला आत पिटाळलंत. मला वाकवलंत."

"उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाला. डॉक्टरीण सुई काढून पहिल्या म्हशीकडे वळली.

काम गेलं. वार कशी उचलायची, कशी पुरायची ते मी डॉक्टरणीकडे शिकले. आता पाड्यावरच्या नऊ जणी हातमोज्यांशिवाय वार उचलत नाहीत. दोघींना त्यापायी कामावरून काढलं. नाल्यात मात्र अजून काय काय येतं.

शेठने माझ्या जागी नवी पोर ठेवलीय. लग्नाला वर्ष नाही झालं, तिसरा महिना चालू आहे. काल तिच्या घरी गेले. माझ्या मुलीचं सगळं सांगितलं. हातमोजे तिच्या मांडीवर ठेवले.

ती म्हणाली, "ताय, काम जाईल."

"जाईल," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? तिने हातमोजे कमरेला खोचले.

उद्या तिच्याबरोबर त्या नऊ जणी आणि मी तबेल्यात जाणार आहोत. पोटुशी बाई गाभडलेल्या म्हशीजवळ जाणार नाही, हे शेठच्या तोंडून वदवून घेणार. नाही म्हणाला तर त्याच्या तबेल्यात पाड्यावरची एकही बाई पाटी धरणार नाही. शेण त्याच्या उंबऱ्यापर्यंत चढलं तरी चालेल.