परातीपुढे कोण बसलं

माझी विधवा काकू दर संक्रांतीला हलव्याचे दागिने करायची. गिरगावातल्या कितीतरी नव्या सुना तिनं केलेले हार-बांगड्या लेवून मिरवल्या. पण ते सुनेच्या अंगावर चढवायचा मान काही तिला नव्हता. आम्हालाही तेव्हा त्यात वावगं वाटायचं नाही. आग लागो त्या रीतींना.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी मोर्च्यात काकूला सगळ्यांच्या पुढे चालवलं होतं. लाठी पडायची शक्यता होती, तिथे कुणी तिचं कपाळ बघितलं नाही. त्याच बाई संक्रांतीच्या सुमाराला परदेशी प्रवासिणींना आमच्या चाळीत आणणार होत्या, मराठी बायकांची कला दाखवायला. मी कॉलेजात, म्हणून दुभाषी मी. काकू आठवडाभर हरखून गेली होती. आपलं काम सातासमुद्रापलीकडे जाणार, म्हणायची.

त्या दिवशी बाई आधीच येऊन थडकल्या. हळदीकुंकवाचा कार्यक्रम आहे, परातीपुढे सवाष्णच हवी, असं म्हणत त्यांनी आईला शेगडीजवळ बसवलं आणि काकूला आतल्या खोलीत धाडलं. आई जन्मात कधी हलव्याच्या वाटेला गेलेली नव्हती. तरी बसली मुकाट. मीही पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरायला लागले.

पाहुण्या चांगल्या होत्या हो. एकीनं अगदी मनापासून विचारलं, साखरेला असा काटा येतो कसा? आईनं वळून माझ्याकडे पाहिलं. पाणी आणायच्या निमित्तानं मी आत गेले. काकू दाराआडच उभी होती.

"बोटाला चटका बसावा, पण फोड येऊ नये, इतपतच परात तापवायची," ती भराभर म्हणाली. "आणि पाक चमचा चमचा घालायचा. घाई केलीस की गोळे होतात."

बाहेर येऊन मी ते इंग्रजीत सांगितलं, आईचं म्हणून. त्या पाहुणीनं आईचा हात हातात घेतला, फोटो काढला. आईच्या बोटांवर एक डाग नव्हता, तेही तिला दिसलं नाही.

सगळ्या गेल्यावर काकूनं मला गाठलं.

"हे मी सांगितलं, असं सांगितलंस ना गं त्यांना?"

मी हो म्हटलं. तिला इंग्रजी कुठे कळत होतं.

पुढे मरेपर्यंत ती चाळीत सगळ्यांना सांगायची, विलायतेच्या बायकांना मी आतल्या खोलीतून हलवा शिकवला. आई शेजारीच बसलेली असायची. ती मान डोलवायची, आणि मीही.