मिलानची गोल ट्राम

आमच्या दूध सोसायटीचे अध्यक्ष इटलीला जाऊन आले, हे त्यांनी लोहारा परिसरात एकाही माणसाला सांगायचं सोडलं नाही. सेक्रेटरी म्हणून मीही सोबत होतो. त्यांनी जे गाळलं, ते मी सांगतो.

दुष्काळाची वर्षं होती. रानात काही उरलं नव्हतं. दारात म्हैस असली तर तेवढाच आधार. पण टेम्पोची वाट बघत दूध उन्हात नासायचं. इटलीतली एक सहकारी डेअरी दूध गार करायचं जुनं यंत्र आम्हाला द्यायला तयार होती. अध्यक्षांनी तिथं जाऊन बोलणी पक्की करायची, एवढंच काम. आम्ही पोचणार त्याच्या दुसऱ्या दिवसापासून डेअरीच्या कचेरीला लांबलचक सुट्टी लागणार होती.

विमानतळावरून बसनं आम्ही मिलानच्या मोठ्या स्टेशनावर आलो. तिथून ट्रामनं दुसऱ्या टोकाच्या छोट्या स्टेशनावर जायचं आणि पुढं आगगाडीनं डेअरीच्या गावी. तिकिटं विडी-सिगारेटच्या दुकानात मिळाली. ट्राम दिसताच अध्यक्षांनी भर रस्त्यात उभं राहून हात केला. लोहाऱ्याच्या वाटेवर त्यांनी हात केला की एसटी कुठंही थांबायची. ही ट्राम घंटा बडवत निघून गेली. पुढची थांब्यावर लागली, तेव्हा त्यांनी खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. ट्राम जवळजवळ रिकामी होती आणि टॉवेल एका म्हातारीच्या मांडीवर पडला.

आत कंडक्टर नव्हता. तिकिटावर आपणच यंत्रात छाप मारून घ्यायचा, उतरायचं तर आपणच बटण दाबायचं. मी शेजारच्याला स्टेशन विचारायला उठलो, तर अध्यक्षांनी शर्ट ओढून मला खाली बसवलं.

"कुनाला इचारू नका, सेक्रेटरी. अडाणी समजत्याल. कंडक्टर पुकारंल, मग उतरू."

"साहेब, हितं कंडक्टरच न्हाय."

"एवढी मोठी गाडी बिगर कंडक्टरची आसंल व्हय?"

थोड्या वेळानं आमचं स्टेशन आलं. पाटी मी दाखवली. "पुकारा झाला न्हाय," म्हणाले आणि ढेरीनं वाट अडवून बसून राहिले. ती ट्राम गोल फिरणारी होती. सगळ्या शहराला वळसा घालून तिनं आम्हाला निघालो तिथंच आणून सोडलं. घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो. पुन्हा तीच वाट धरून डेअरीपाशी पोचलो तेव्हा कचेरी बंद होऊन फाटकाला कुलूप लागलं होतं, आणि सुट्टी संपायच्या आत यंत्र दुसऱ्या कुणाला तरी गेलं.

लोहाऱ्यात सत्कार झाला. शाल, नारळ, हार. "बसल्या जागंवरनं सगळं मिलान बगितलं," अध्यक्ष म्हणाले, "काय त्येंची शिस्त!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला आजही किळस येते.

सभेत मागं शेजारच्या सास्तूर गावची एक विधवा बसली होती. घरात एकच म्हैस. सकाळी सोसायटीच्या संकलन केंद्रावर तिचं दूध नासकं म्हणून परत केलं होतं. कॅन तिच्या पायाशीच होता. ती उठली.

"साहेब, यंत्र कवा येनार?"

"येतंय की, मावशी. लांबून यायचंय, जरा दम धरा."

लोक हसले. ती बाहेर गेली आणि कॅन तिनं पायरीवर उपडा केला. आंबूस वास आत शिरला, तसा अध्यक्षांनी टॉवेल नाकाला लावला. मिलानला जागा धरली होती, तोच टॉवेल.