थव्याआधीचं पाखरू

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि रविवारी दुपारी ती माझ्याशी बोलते. बाकीचे सहा दिवस ती कॉलेजला असते, क्लासला असते, नाहीतर घरात असून नसते. रविवारी माझ्या बायकोची हॉस्पिटलात नर्सची ड्यूटी असते. घरात आम्ही दोघंच. जेवण झालं की सोलापुरी चादर पसरायची, पंखा पाचवर करायचा आणि पत्ते मांडायचे.

हे पत्ते म्हणजे रमी-बदामसात नव्हेत. चित्रांचे, परदेशी खेळाचे पत्ते. प्रत्येकानं आपापला चाळीस पत्त्यांचा संच जमवायचा, पाळीपाळीनं हातातले पत्ते खाली उतरवायचे आणि समोरच्याचे वीस जीव संपवायचे. मुलीचा संच वादळांचा आणि दगडधोंड्यांचा. माझा पाखरांचा. तो मी निवडला नव्हता, तिनं तिचे नकोसे झालेले पत्ते मला दिले होते. पण मला ती पाखरं आवडली. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी साळुंकी, पारवा, टिटवी असं बारसं करून टाकलं. टिटवी खरं तर पेंग्विन होती.

पाखरांचा नियम सोपा आहे. एकटं पाखरू म्हणजे काहीच नाही, उतरवल्यावर पुढच्या पाळीला एक जीव घेऊन गेलं तर गेलं. पण खाली जितकी पाखरं जास्त, तितकं प्रत्येकाचं बळ वाढतं. पाच जमली की समोरच्याची पळापळ. म्हणून मी काय करायचो, हातात आलं पाखरू की ठेव खाली, आलं की ठेव खाली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. यात माझा एकट्याचा दोष नाही. आमच्या घराण्यात काही राखून वाढायची रीतच नाही. पाहुणा पाटावर बसला की कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी, वांगं, गोडाचं, सगळं पहिल्याच वाढपात. मागनं काय येणार याची वाट बघायला लावणं म्हणजे आमच्यात पाहुण्याचा अपमान. मी पत्तेही तसेच वाढत होतो.

मुलगी चार पाखरं जमेपर्यंत गप्प बसायची. मग वादळाचा पत्ता टाकायची. खाली असलेलं सगळं साफ. माझा हात रिकामा, चादरही रिकामी. पुढच्या दोन पाळ्यांत तिचे धोंडे येऊन मला चिरडायचे. पाच मिनिटं, फार तर सात.

असे चार रविवार गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, राग मानू नका, पण तुमच्याशी खेळून माझा हात बिघडायला लागलाय." सात रस्त्याजवळच्या एका कॅफेत तिच्या मैत्रिणी रविवारी याच खेळाला जमतात, त्या तिला बोलवत होत्या. "पुढच्या रविवारी एक डाव खेळू. निदान अर्धा तास टिका. नाही टिकलात तर मी तिकडं जाते."

"जा की," मी म्हणालो. मोठ्या ऐटीत म्हणालो. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन ग्लास पाणी प्यायलो. मला राग आला होता, तिचा नव्हे, माझाच. आठवड्यातला एक तास हातात होता आणि तो मी पाच मिनिटांत हरत होतो.

त्याच आठवड्यात कुंभारीहून, गावाकडनं, माझी आत्या आली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळे दाखवायला. आत्या सत्तरीची, सगळा जन्म शेतात गेलेला. संध्याकाळी मी एकटाच पत्ते मांडून डोकं खाजवत बसलो होतो, तर ती नवीन चष्मा सावरत जवळ आली.

"ही पाकरं कशाला मांडलीस?"

मी सांगितलं. खेळ, थवा, वादळ, रविवार, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि कीव आल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

"अरं, पाकरं आशी येत न्हाईत. ज्वारी दान्यात आली की मी माळ्यावर गोफन घेऊन बसायची. मला इचार की. आदी एकच येतंय. कनसावर बसतंय, हिकडं-तिकडं बघतंय. बाकीची समदी तारंवर. आपन धोंडा हानला की ते एक उडालं, झालं. हात रिकामा झाला, गोफनीत दुसरा धोंडा भरूस्तोवर तारंवरची समदी खाली! लई लबाड जात."

महिनाभर मी मोबाईलवर या खेळाचे व्हिडिओ बघत होतो. त्यातले पोरगे इंग्रजीत जे घडाघडा बोलायचे, ते हेच होतं बहुतेक.

मग बेत ठरला. एक पाखरू उतरवायचं, बाकीची हातात. हात म्हणजे तार. मुलीच्या संचात वादळं दोनच. ती असल्या एकट्यादुकट्या पाखरांवर तिनं खर्च केली की मग एका दमात थवा. शनिवारपर्यंत मी आत्याला समोर बसवून सराव केला. ती प्रत्येक पाखराला शिव्या घालत माझ्या बाजूनं खेळली.

रविवार आला. मुलीनं मोबाईलवर घड्याळ लावून शेजारी ठेवलं. आत्या तिच्या बाजूला भिंतीला टेकून बसली. मी पहिल्या पाळीला साळुंकी उतरवली आणि थांबलो. दुसऱ्या पाळीला काहीच नाही. तिसरीला काहीच नाही. साळुंकी एकेक जीव टोचत होती.

"पाखरं आली नाहीत का हातात?" मुलीनं विचारलं.

"नशीब, दुसरं काय," मी म्हणालो. हातात सहा होती.

टोचून टोचून ती वैतागली. तिचा हात एका पत्त्याकडं गेला. ते वादळच होतं, वादळ टाकताना ती ओठ दाबते, त्यावरून मला कळलं. टाक, टाक बाई.

आणि आत्या ओरडली, "थांब पोरी! ह्ये नुसतं बगाया आलंय! मागनं थवा येतोय!"

आत्यानं केसानं माझा गळा कापला होता. "आत्या!" मी म्हणालो, "तू माझ्या बाजूची ना?"

"व्हय की," ती खजील होऊन म्हणाली. "पर पाकरू बशिवलेलं दिसलं की मला ऱ्हावत न्हाय. साठ वरसं राकन केलीया."

मुलगी आडवी पडून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग उठून नीट मांडी घालून बसली, पत्ता परत हातात ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं प्रतिस्पर्धी असल्यासारखं बघितलं. आता तिला माहीत होतं की माझ्याकडं थवा आहे, आणि मला माहीत होतं की तिच्याकडं वादळ आहे. ती टाकेना, मी उतरवेना. मी दोन पाखरं सोडली, तिनं धोंडा आडवा लावला. मी एक मागे घेतलं. आत्या आळीपाळीनं दोघांना सल्ला देत होती आणि तो दोघांनाही ऐकू येत होता. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. शेवटी तिचे दोन जीव उरले, माझा एक, तेव्हा मला धीर धरवला नाही. मी सगळी पाखरं एकदम वाढली. तिनं वादळ टाकलं आणि पुढच्या पाळीला तिच्या धोंड्यानं माझा शेवटचा जीव घेतला.

घड्याळात एक तास दहा मिनिटं झाली होती.

"बाबा, घाम फोडलात," ती म्हणाली. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. मैत्रीण होती. पुढच्या रविवारी येतेस ना, असं पलीकडून विचारलेलं मलाही ऐकू आलं. मी पत्ते गोळा करायला घेतले आणि मुद्दाम तिच्याकडं बघितलं नाही.

"रविवारी नाही गं जमणार," ती म्हणाली. "रविवारी माझा बाबांबरोबर डाव असतो."

असतो, म्हणाली. मला इतका आनंद झाला की दोन पारवे हातातून निसटून खाली पडले, आणि आत्यानं लगेच त्यांना हुसकावलं.