पाण्यामागे जाणारा धक्का

देवळाली प्रवऱ्यात माझं वर्कशॉप आहे आणि गेली तीस वर्षं मी उसाच्या ट्रॉल्या बांधतो. ट्रॉलीचा सांगाडा कसा असावा यावर मी कुणाशीही भांडू शकतो आणि भांडलोही आहे. पाण्याशी माझा संबंध एवढाच, की वरच्या धरणातून आवर्तन सुटलं, म्हणजे ठरल्या दिवसांपुरतं पाणी कॅनॉलला सोडलं, की माझा ऊस भिजतो. अशा माणसाच्या हातून होड्यांसाठी तरंगता धक्का बांधला गेला. त्यात माझ्या हुशारीचा भाग थोडा आहे, तोंडाळपणाचा जास्त.

दरवर्षी मी अकोले तालुक्यातल्या डोंगरात तांदूळ आणायला जातो. ज्यांच्याकडून घेतो त्यांचा पाडा त्याच वरच्या धरणाच्या फुगवट्यापलीकडे, म्हणजे मागे साठलेल्या पाण्यापलीकडे आहे. पाण्याचा तो फाटा तसा अरुंद, पण होडीशिवाय पलीकडे जाता येत नाही. पलीकडच्या काठाला पायऱ्यांसारखा कातळ आहे, होडी थेट लागते. अलीकडे मात्र नुसता गाळ.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गेलो, तेव्हा काठावर एक बाई उभ्या होत्या. चाळिशीच्या, काखेत कुबडी, लहानपणच्या पोलिओनं बारीक राहिलेला एक पाय. पलीकडच्या पाड्यावर त्यांची अंगणवाडी. काही न विचारता त्यांनी कुबडी आणि पिशवी माझ्या हातात दिली. "एवढं धरा." मग साठीचे नावाडीमामा त्यांच्यापुढे वाकले, बाई पाठीवर बसल्या आणि मामा गुडघाभर गाळातून होडीकडे निघाले. बाईंनी तोंड फिरवून घेतलं होतं. पलीकडे कातळावर पोरांचा घोळका ओरडत होता, "बाई पाठीवर आल्या! बाई पाठीवर आल्या!"

पोरांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण अंगणवाडीच्या अंगणात गेलो तर दोन पोरी खेळत होत्या. एक दुसरीच्या पाठीवर, हातात काठी. खेळाचं नाव 'बाई-बाई'.

"सात वर्षं रोज दोनदा बघते मी हे," बाई म्हणाल्या. "आता दिवाळीनंतर मामांचं हर्नियाचं ऑपरेशन हाय. त्याच्यानंतर वजन उचलायचं न्हाई म्हनून डॉक्टरांनी सांगितलंय. दुसऱ्या कुनाच्या पाठीवर मी बसायची न्हाई. राजीनामा लिहून ठेवलाय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. "मी बांधून देतो की धक्का," मी म्हणालो.

बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "काय बांधता तुमी?"

"उसाच्या ट्रॉल्या."

"मंग बुडंल," मामा म्हणाले.

हे ऐकल्यावर माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. घरी येऊन कामाला लागलो. निळी प्लॅस्टिकची पिंपं, वर लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर फळ्या. आमच्या शेततळ्यात पहिला तुकडा सोडला आणि वर जाऊन ऐटीत उभा राहिलो. बायकोला म्हटलं, ये. ती आली ती कडेलाच उभी राहिली आणि तो तुकडा असा कलला की दोघंही पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही, पण त्यातलं एक वाक्य खरं होतं: "माणूस कडेनंच चढतो, मधून कोण चढतं?" मी सगळी पिंपं मध्यावर घेतली होती, वजन मध्ये येतं म्हणून. ट्रॉलीचं डोकं ते. पिंपं कडांना नेली, रुंदी वाढवली, मग धक्का हलेना.

दुसरी चूकही तिनंच दाखवली. पाणी निथळावं म्हणून मी फळ्यांत दोन बोटं फट ठेवली होती. "त्यांची कुबडी अडकंल की हो." मी फळ्या काढल्या आणि पुन्हा ठोकल्या, अशा की मध्ये करंगळीही जाऊ नये. तुकडे एकमेकांना जोडायला मात्र ट्रॉलीचीच हुक आणि खीळ वापरली. लाटेवर प्रत्येक तुकडा आपापला हलायचा आणि जोड सुटायचा नाही. त्या जोडाचा मला अजून अभिमान आहे.

दिवाळीआधी धरण काठोकाठ भरलं होतं तेव्हा धक्का बसवला. काठाशी काँक्रीटचा ठोकळा घातला आणि पहिला तुकडा त्याला बोल्टनं आवळून टाकला, परत हलायचं नाव नको. पाड्यावरच्या बायकांनी नारळ फोडला. बाई चालत होडीत बसल्या. मामा ऑपरेशनला गेले, त्यांचा पुतण्या होडी चालवू लागला. मी दीड महिना भेटेल त्याला धक्क्याचे फोटो दाखवत होतो.

मग आमच्या कॅनॉलला आवर्तन आलं. थंडीतली सकाळ, पाटानं खळखळत पाणी उसात शिरतंय, याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात वाटत नाही. बांधावर उभा होतो आणि बाईंचा फोन आला.

"मेस्त्री, तुमचा धक्का लटकलाय. एक टोक काठावर, दुसरं गाळात. उभं ऱ्हाता येत न्हाई त्याच्यावर."

मी भडकलो. कुणी बोल्ट सोडले का, कुणी होडी आपटली का? "अहो पण पाणी कुठं गेलं?" मी ओरडलोच.

"तुमच्याच उसाला आलंय की," बाई म्हणाल्या.

पायाखाली पाट वाहत होता. जन्म गेला माझा आवर्तनाची वाट बघण्यात. तारखा तोंडपाठ. आणि इथे पाणी चढलं की तिथे उतरतं, एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शेततळ्यात पाणी जागच्या जागी असतं, तसंच मी धरणही धरून चाललो होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मामा तशाच टाक्यांनी वाकायला निघाले हुते," बाई पुढे म्हणाल्या, "मी नको म्हनलं आन घरी आले. राजीनामा पिशवीत हाय. सोमवारी देते." तो दिवस शुक्रवार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वेल्डर आणि जनरेटर टेम्पोत घालून मी काठावर हजर झालो. मामा पोटाला पट्टा बांधून दगडावर बसले होते. चिडले नव्हते, हसत होते. "गाईला दावं बांधावं तसा बांधला तुमी धक्का. पानी काय दाव्याला ऱ्हातं व्हय? ते जाईल तिकडं ह्यानं बी गेलं पायजे. चाकं लावा की!"

चाकं! जन्मभर चाकं लावली मी, आणि ज्याला लावायची त्यालाच विसरलो. पण मी म्हणालो, "गाळात चाक रुतेल, मामा."

तेव्हा मागे कुबडीवर उभ्या असलेल्या बाई बोलल्या. "जुना रस्ता हाय ना खाली. त्या बाभळीपासून उतरतो. धरण व्हायच्या आधी मी त्याच रस्त्यानं शाळंत जायची, ह्याच पायानं. खडीचा हाय. वर गाळ बसला तरी खाली टनक."

पुतण्यानं बांबू खुपसत खुपसत पाण्यापर्यंत माग काढला. वीतभर गाळाखाली बांबू ठक्क वाजत होता. रस्ता अजून तिथेच होता, सरळ पाण्यात उतरत गेलेला.

दोन दिवस आम्ही सगळे राबलो. बोल्ट काढून धक्का ठोकळ्यापासून सोडवला. काठाकडच्या तुकड्याला उसाच्या बैलगाडीची दोन टायरं लावली. पाड्यावरच्या माणसांनी धक्का ओढून जुन्या रस्त्यावर आणला, गाळ खरवडला. पाणी उतरलं की चाकामागचा दगड काढायचा, चार जणांनी धक्का खाली ढकलायचा, पुन्हा दगड लावायचा. पाणी चढलं की तसाच वर. एवढंच ते डिझाइन, आणि त्यातलं निम्मं मामांचं, निम्मं बाईंचं. माझ्या वाट्याला वेल्डिंग आणि बायकोची बोलणी.

आता आवर्तनाची तारीख लागली की आधी मी बाईंना फोन करतो. बहुतेक वेळा त्यांना माझ्याआधी कळलेलं असतं. पाटाला पाणी आलं की मला अजूनही तेवढंच सुख वाटतं. फक्त आता मला ठाऊक असतं, की वरती त्याच वेळी चार माणसं माझ्या उसासाठी धक्का ढकलत खाली नेताहेत. त्यांचे उपकार कसे फेडायचे मला माहीत नाही. दरवर्षी तांदूळ आणायला जातो तेव्हा सगळे बोल्ट तपासून येतो.

राजीनामा द्यायच्या त्या सोमवारी मी मुक्कामालाच होतो. बाई सकाळी आल्या, पिशवी खांद्याला. जुन्या रस्त्यानं उतरल्या आणि फळीवर आधी कुबडी टेकली. धक्का थोडा हलला. मी घाबरून हात पुढे केला.

"हात खाली घ्या, मेस्त्री," त्या म्हणाल्या. "पडले तर द्या."

त्या टोकापर्यंत चालत गेल्या, कडेनंच होडीत बसल्या. मीही बसलो. पाणी उतरल्यानं फाटा आणखी अरुंद झाला होता, पलीकडच्या कातळावर पोरं स्पष्ट दिसत होती. नेहमीसारखी ओरडायला उभी, पण गप्प. काय ओरडावं हे त्यांना कळत नसावं. बाई मान वर करून सरळ त्यांच्याकडे बघत होत्या.

होडी मध्यावर आली तेव्हा त्यांतलं एक पोर ओरडलं आणि मग सगळीच ओरडायला लागली.

"बाई आल्या! बाई आल्या!"