निहेई-सानच्या स्वागताला मी लिहिलेली ओळ

मी कोल्हापूर सोडलं ते जपानातल्या मोठ्या भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी. तिकडून आपली माणसं सामान गुंडाळून परत येत होती आणि मी निघाले होते. पेठेतल्या घराच्या दारात धाकट्या जाऊबाईंनी हातावर दही घातलं आणि म्हणाल्या, "अक्का, शहाणी माणसं तिकडनं पळत सुटल्यात आणि तुम्ही चाललाय!" त्यांचा संदीप माझी बॅग रिक्षात टाकत म्हणाला, "काकी, तिथं भांडायला कोण मिळणार तुम्हाला?" सगळे हसले, मीही हसले. रडले नाही. आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. तिकडे जपानात, कावासाकीला, मुलगा सुनील आणि सून दोघं नोकरीला जायची आणि नऊ वर्षांची नात गार्गी शाळेतून रिकाम्या घरात यायची. मी कामाला म्हणून गेले, तशीच राहिले.

हे सगळं लिहायचं कारण, या वसंतात तुम्ही पेठेतले सगळे माझ्या एका फोटोवर पोट धरून हसलात. त्या फोटोत काय होतं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. इथं जपानात आलेल्या आपल्या लोकांनीही वाचावं. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन सुनीलने तपासलं आहे, मजकूर माझा आहे.

फुटबॉल मला नवा नव्हता. आमच्या ह्यांनी तालमीच्या संघात बारा वर्षं गोल राखला. मी चिखलाने भरलेले कपडे धुतले आणि कट्ट्यावरच्या शिव्या ऐकल्या. मैदानात जाऊन बसायची बायकांची रीत तेव्हा नव्हती. खरी प्रेक्षक मी इथं कावासाकीत झाले, सत्तरी ओलांडल्यावर. गार्गी कॉलेजच्या मुलींच्या संघात गोलकीपर झाली आणि मी दर रविवारी चटई आणि थर्मास घेऊन मैदानावर जायला लागले. आम्ही पंचवीस-तीस जण असायचो. काही आईबाप, काही जुन्या खेळाडू, आणि मैदानाशेजारचे टोफूवाले मोरी-सान. सान म्हणजे आपलं राव किंवा बाई. ढोल त्यांच्याकडे. माझं जपानी मोडकं. त्यांनी मला 'ओबाचान', म्हणजे आजी, म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्या रांगेत जागा दिली. संघ हरला तरी सगळे टाळ्या वाजवतात, मुली ओळीने उभ्या राहून आमच्यापुढे वाकतात आणि आम्ही आपला कचरा उचलून घरी नेतो. पेठेत हरल्यावर काय व्हायचं ते तुम्हाला सांगायला नको.

मागच्या वर्षी जुने कान्तोकु गुडघ्यांमुळे थांबले. कान्तोकु म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, कोणाला खेळवायचं ते ठरवणारा. कोणीतरी नावाजलेला खेळाडू येणार अशी सगळ्यांची समजूत होती. आल्या निहेई-सान. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, ईशान्येकडच्या समुद्रकाठच्या गावातल्या. मोरी-साननी कॉलेजचा कागद आम्हाला वाचून दाखवला. त्यांचं घर आणि त्यांच्या बायकांच्या संघाचं मैदान सुनामीत गेलं होतं. संघ मोडला. नंतर बरीच वर्षं त्यांनी तात्पुरत्या घरांच्या अंगणात लहान मुलांना फुटबॉल शिकवला. कॉलेजचा संघ कधी हाताळला नव्हता. गार्गीने मला हे सगळं मराठीत सांगितलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पेठेत असा प्रशिक्षक आणला असता तर कट्ट्यावर त्याच्या सात पिढ्या निघाल्या असत्या. त्यानेही आमच्या काढल्या असत्या आणि मग चहा झाला असता. इथं मोरी-साननी मान तिरकी केली, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "अवघड आहे, नाही?" एवढंच. महिनाभर सगळे एकमेकांना "अवघड आहे" म्हणत राहिले. मी म्हटलं, "नको असेल तर नको म्हणा की सरळ." सगळे तोंडावर हात ठेवून हसले. "ओबाचान स्पष्ट बोलतात." मला ते कौतुक वाटलं. खरं तर त्यांच्या पोटातलं बोलायला त्यांना एक म्हातारी मिळाली होती.

त्यातच सरावाचा पहिला सामना झाला. गार्गीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, आता गोल तिचाच असं मी धरून चालले होते. निहेई-साननी पहिल्या वर्षाच्या एका पोरीला उभं केलं आणि गार्गीला बाकावर बसवलं. मी घरी येऊन भांडी आपटली. आमचे आप्पा मला लहानपणी म्हणायचे, "चंद्रे, तुझं तोंड तुझ्या आधी घरात येतं." त्या दिवशी तसंच झालं.

एप्रिलमध्ये स्वागत होतं. इथली एक रीत आहे. नवा माणूस आला किंवा जुना निघाला की पांढरा चौकोनी पुठ्ठा आणतात. मधोमध त्या माणसाचं नाव, आणि भोवती प्रत्येक जण दोन ओळी लिहितो. सगळे एकसारखंच लिहितात. तुमच्यावर भरवसा आहे, जोमाने करा. महिनाभर "अवघड आहे" म्हणणाऱ्यांनीच ते लिहिलं. मला चीड आली. मोरी-साननी पेन माझ्या हातात दिलं. "ओबाचान, तुमच्या अक्षरात लिहा ना." मी लिहिलं,

आलीस तिथंच परत जा.

"काय लिहिलं?" मोरी-साननी विचारलं. "गाम्बात्ते," मी म्हटलं. म्हणजे जोमाने करा. इतकं सोपं गेलं मला खोटं बोलणं. कोण वाचणार होतं? गार्गीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. निहेई-साननी पुठ्ठा दोन्ही हातांनी घेतला, माझ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी अक्षरं आहेत, फार सुंदर. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी लाजले.

मे महिन्यात लीगचा पहिला सामना होता. मी पोचले तर मोरी-सान आणि त्यांची बायको कठड्याला एक लांब जांभळं कापड बांधत होते. मला बघून दोघं खुलले. त्यांनी ते सोडलं आणि अख्ख्या कठड्यावर माझी ओळ उलगडली. पांढऱ्या कापडाची अक्षरं, माणसाच्या छातीएवढी, पुठ्ठ्यावरून फोटो काढून मोठी केलेली. माझा वाकडा 'थ' तसाच. मोरी-सानच्या बायकोने तीन आठवडे बसून ती हाताने शिवली होती. निहेई-सानना ओळ फार आवडली म्हणून गुपचूप केलं, म्हणाली.

मी नव्वद मिनिटं त्या कापडामागे बसले. त्या मैदानावर ते वाचू शकणारं माणूस एकच होतं. आमचा संघ तीन गोलांनी हरला. मुली ओळीने आल्या, वाकल्या. त्यांच्या शेवटी निहेई-सान आल्या, कापडाकडे बघितलं आणि कमरेत पार खाली वाकल्या. इतका वेळ की शेजारची बाई डोळे पुसायला लागली.

घरी जाताना गार्गीने कापडाचा फोटो आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली इंग्रजीत लिहिलं, माझ्या आजीचं अक्षर. मग तुमची उत्तरं आली. "काकी, नाद खुळा!" "पेठेचं नाव काढलंसा!" "जपानात पण सोडलं न्हाई कुणाला!" जाऊबाईंनी हसून हसून रडणारी तोंडं पाठवली, पंधरा तरी असतील. गार्गी स्टेशनवर थांबली. "आजी, सगळे हसतायत का?"

कोल्हापुरात असते तर मी त्या उत्तरांनी फुगले असते. मला एवढी शाबासकी आयुष्यात मिळाली नव्हती आणि मी फोन उलटा केला.

मी तिथंच बाकावर बसले आणि तिला सांगितलं. ती आधी जपानीत काहीतरी म्हणाली, मग मराठीत. "पण का?"

"तुला बाकावर बसवलं म्हणून."

"आजी, ती पहिल्या वर्षाची मुलगी माझ्यापेक्षा चांगली आहे. सगळ्या टीमला माहितीये. तुला दिसलं नाही?"

दिसलं होतं. बारा वर्षं गोलकीपरचे कपडे धुतलेल्या बाईला ते पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. घरी सुनील म्हणाला, "आई, गप्प बस. कोण वाचणार आहे? दोन वर्षांत कापड फाटेल." सुनेने माझ्याकडे बघितलं नाही. गार्गी दोन दिवस जपानीतच बोलली, तेही आईशी.

तिसऱ्या दिवशी मीच तिला म्हटलं, मला मैदानावर ने आणि मी बोलेन ते तसंच्या तसं सांग, गोड करू नकोस. निहेई-सान जाळ्या गुंडाळत होत्या. मी सांगितलं. गार्गी सांगत असताना तिचे कान लाल झाले होते. निहेई-सान जाळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला.

"आजी, त्या विचारतायत, आणखी कोणाला असं वाटत होतं का?"

"त्यांना सांग, माझं मला विचारा. दुसऱ्यांचं त्यांना विचारा."

निहेई-साननी मान हलवली. म्हणाल्या, परत जायला तिथं काही नाही. घर होतं तिथं आता समुद्र अडवायची भिंत आहे. रागाने म्हणाल्या नाहीत. कोणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं सांगितलं. मी माफी मागितली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मोरी-सानना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही," आणि जाळी गुंडाळायला लागल्या.

मी टोफूच्या दुकानात गेले. मोरी-साननी ऐकून डोक्यावरची टोपी काढली. त्यांची बायको आत निघून गेली. त्यांनी कापड आणलं, टोकाला टोक जुळवून घडी घातली आणि म्हणाले, "समजलं." पुढच्या रविवारी सगळ्यांनी मला नेहमीसारखं वाकून नमस्कार केला. माझ्या दोन्ही बाजूंना मात्र कोणी चटई टाकली नाही. बार्लीचा चहा रांगेतून येताना माझ्यावरून पुढे गेला. कोणी एक वाकडा शब्द बोललं असतं तर मला बरं वाटलं असतं. जूनमध्ये एका सामन्यात निहेई-साननी शेवटच्या दहा मिनिटांसाठी गार्गीला गोलात उभं केलं. तिने एक चेंडू छान अडवला. मला धड टाळी वाजवता आली नाही. त्यांनी ते माझ्यासाठी केलं नव्हतं हे मला कळत होतं, आणि माझ्यामुळे टाळलंही नव्हतं.

तुम्ही तो फोटो पुसून टाका. मला शाबासकी दिलीत त्याचा राग नाही, मी तिथं असते तर मीही दिली असती. तेच वाईट आहे. इतकी वर्षं मी इथं काहीही बोलत आले, कारण कळतंय कोणाला. दुकानात, लिफ्टमध्ये, शेजारणीच्या तोंडावर हसत. राहायला आलेलं माणूस असं बोलत नाही. मी एवढी वर्षं पाहुणी म्हणून राहिले आणि पाहुणीसारखंही वागले नाही.

परवा सुनीलने विचारलं, "आई, चार महिने कोल्हापूरला जाऊन येतेस का?" आधी मी बॅग भरायला उठले असते. मी नको म्हटलं. हंगाम संपेपर्यंत मी पहिल्या रांगेतच बसणार आहे, शेजारी कोणी बसो न बसो. पेठेत मी कितीदा वाईट बोलले आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांसमोर पाणी भरायला गेले. तोंड दाखवायची लाज वाटायची, पण दाखवावं लागायचं, कारण दुसरीकडे जाणार कुठे. त्यालाच घर म्हणतात हे तेव्हा कळलं नव्हतं. आता कावासाकीतही माझं तसंच झालं आहे.