डावा खिसा पाहुण्यांचा

मार्डेल व्हावराला कुणीच जिंकायला नको असे. आठ कॉलेजं, प्रत्येकाचे बास्केटबॉलचे चौदा सामने, डिसेंबर संपता संपता सुरू होऊन फेब्रुवारीअखेरपर्यंत चालणारे. तिला सगळं तोंडपाठ. कुणाच्या उंच पोराचा गुडघा सुजलाय, कुणाचा प्रशिक्षक खुर्च्या लाथाडतो, कुठल्या जिमचं, म्हणजे खेळाच्या हॉलचं, छप्पर गळतं. इतकं ठाऊक असलेल्या माणसाचा एखादा तरी आवडता संघ असायला हवा. तिचा नव्हता. तिला हवं असायचं एवढंच, की पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी वीस गुणांनी पुढे जावं. प्रेक्षकांना कंटाळा यावा, बाहेरचा बर्फ आठवावा. कारण चुरशीचा सामना संपला की दोष द्यायला कुणीतरी लागतं, आणि तो बहुतेक वेळा तिचा नवरा असे.

लायल व्हावरा पंच होता. वसंतात आणि उन्हाळ्यात तो शेतकऱ्यांना मक्याचं बियाणं विकायचा आणि हिवाळ्यात काळे-पांढरे पट्टे घालून पोरांच्या मागे धावायचा. एकतीस वर्षं.

मार्डेल आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहिलो. गुरुवारी खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनी रोल असायचे. ती चिली ढवळायची, मी रोल कापायची. बुधवारच्या सामन्याचं मी विचारायची.

"काल कसा झाला?"

"छान झाला. घरी जाताना कुणी त्याचं नाव घेतलं नाही."

हे तिचं सुख. इतकं लहान, की दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं.

त्या जानेवारीत मात्र ते मिळेना. निम्मे सामने झाले तरी वरच्या चार कॉलेजांत एका पराभवाचाही फरक नव्हता. प्रत्येक सामना दोन गुणांवर, तीन गुणांवर सुटत होता. फ्रिजच्या दारावर लायलच्या नेमणुकांचा कागद होता. बुधवार, शनिवार, बुधवार, शनिवार. दूध काढताना ती त्या कागदाकडे बघायची नाही.

आणि मग रबरबँड.

बास्केटबॉलमध्ये दोन विरुद्ध पोरांचे हात एकाच चेंडूवर घट्ट बसले, की चेंडू आळीपाळीनं द्यायचा. एकदा याला, एकदा त्याला. आता पाळी कुणाची हे दाखवायला गुणलेखकाच्या टेबलावर एक बाण असतो, चेंडू दिला की तो फिरवतात. पण टेबलावरचा माणूस चुकू शकतो, म्हणून पंचही आपापली खूण ठेवतात. लायलची खूण ब्रोकोलीच्या जुडीचा रुंद निळा रबरबँड. घरच्या संघाची पाळी असली की उजव्या खिशात, पाहुण्यांची असली की डाव्या. त्याला ब्रोकोलीचा वाससुद्धा चालत नसे. मार्डेल ती रबरबँडसाठी आणायची, स्वतः खायची आणि रबरबँड चमच्यांच्या कप्प्यात ठेवायची.

दहा जानेवारीला त्याची काळी पँट धुवायला टाकताना तिला दोन रबरबँड मिळाले. एक उजव्या खिशात, एक डाव्या. दोन्हीकडे असले की पाळी कुणाची ते कळतच नाही.

"अगं, सापडले तर सापडले," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याच्या खिशात परवा अर्धं सँडविच होतं."

"सँडविच दोन्ही खिशांत नव्हतं ना पण."

तिनं ते हसत म्हटलं. पुढच्या बुधवारी पुन्हा दोन. त्यानंतरच्या शनिवारी दोन, आणि उजव्या खिशात एक कागदाचा तुकडा. लायलच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: घरचे उजवा. पाहुणे डावा.

एकतीस वर्षं जी गोष्ट त्याच्या हातांना ठाऊक होती ती आता कागदावर होती. मार्डेल धुलाईयंत्रासमोर उभी राहिली. मग तिनं कागद घडी करून जसाच्या तसा ठेवून दिला, पँट कोरडी झाल्यावर त्याच खिशात. त्याला तो लागणार होता.

तिला सगळं आठवू लागलं, आणि आठवणं हीच आता भीतीची गोष्ट झाली. नाताळात त्यानं मुलीला एकच प्रश्न तीनदा विचारला होता. चर्चमधून येताना आपल्याच वळणापुढे गाडी नेली होती आणि "जरा फिरू म्हटलं" असं सांगितलं होतं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. अडुसष्टाव्या वर्षी माणूस विसरतोच. पण दोन्ही खिशांत रबरबँड होते, आणि त्यांना कारण नव्हतं.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी ग्रॅनलंड आणि होलब्रुक. दोघेही पहिल्या जागेवर. दुपारी तीनला, ग्रॅनलंडच्या जिममध्ये, आणि मुख्य पंच लायल.

"मी पण येते," ती सकाळी म्हणाली.

"तू? ग्रॅनलंडला? कशाला?"

"जरा फिरेन."

"तिथे धान्याची कोठारं आहेत, मार्डेल. फिरून झाल्यावर परत तीच कोठारं."

"मग सामना बघेन."

त्यानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि बूट पिशवीत भरले. "माझ्या बाजूनं भांडू नकोस म्हणजे झालं."

तिनं चमच्यांच्या कप्प्यातून एक रबरबँड घेऊन कोटाच्या बाहीखाली मनगटावर चढवला.

जिम भरलेली होती. ती तिसऱ्या रांगेत बसली, टेबलाच्या अगदी समोर. शेजारी ग्रॅनलंडच्या हिरव्या स्वेटरमधली एक बाई होती.

"मुलगा खेळतो का तुमचा?"

"नाही."

"मग नातू?"

"नाही. मी अशीच."

"एवढ्या थंडीत अशीच कुणी येतं का हो," ती बाई म्हणाली आणि पॉपकॉर्नची पिशवी पुढे केली.

मार्डेलनं सामना पाहिला नाही. तिनं पाळी पाहिली. सुरुवातीच्या उडीत चेंडू ग्रॅनलंडनं मिळवला, म्हणजे पुढची पाळी पाहुण्या होलब्रुकची. डावं मनगट. पहिली अडलेली झटापट, चेंडू होलब्रुकला. उजवं मनगट. दर वेळी ती लायलच्या हाताकडे बघायची. हात खिशात जायचा, थांबायचा. पूर्वी तो थांबत नसे. पूर्वी माशी हाकलावी तसा तो जायचा आणि यायचा.

"ए झेब्र्या, शिट्टी गिळलीस का?" मागून एक जाडा आवाज आला.

"जाऊ दे रे," दुसरा म्हणाला. "म्हाताऱ्याची दुपारची झोप मोडलीय."

शेजारची बाई खुदकन हसली. मार्डेलनं पॉपकॉर्न खाल्लं.

उत्तरार्धात, आठ मिनिटं उरली असताना, पुन्हा दोन पोरांनी एकच चेंडू धरला. पाळी ग्रॅनलंडची, चेंडू ग्रॅनलंडला दिला गेला. त्याच क्षणी त्यांचा एक पोरगा घोटा मुरगळून पडला आणि ओरडला. सगळे तिकडे धावले. मार्डेलनं रबरबँड उजव्या मनगटावरून डाव्यावर घेतला आणि टेबलाकडे पाहिलं. बाण ग्रॅनलंडकडेच होता. बाण फिरवणारा माणूस अर्धवट उठून त्या पोराकडे बघत होता. मग तो बसला. बाण तसाच राहिला.

लायल त्या पोराशेजारी गुडघ्यावर बसला होता. उठल्यावर त्यानं हात खिशात घातला. बाहेर काढला. पुन्हा घातला.

यापुढची आठ मिनिटं ती मनात एकच गोष्ट घोकत होती, असं तिनं मला नंतर सांगितलं. फक्त आता कुणी चेंडू धरून झगडू नये. कुणीही जिंका, एका गुणानं जिंका, लायलच्या नावानं शंख करा, पण दोघांचे हात एका चेंडूवर पडू देऊ नका.

एकोणीस सेकंद राहिले होते. होलब्रुक एका गुणानं पुढे. ग्रॅनलंडच्या पोराच्या हातातला चेंडू खाली पडला, होलब्रुकचा एक पोरगा त्यावर झेपावला, मग ग्रॅनलंडचाही एक, आणि शिट्टी वाजली. लायलनं दोन्ही अंगठे वर केले. अडलेला चेंडू.

बाण ग्रॅनलंडकडे.

होलब्रुकचा प्रशिक्षक टेबलापाशी आला. तो ओरडत नव्हता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "मागचा त्यांना दिलात. तो पोरगा पडला तेव्हा. हा आमचा आहे."

वही बघितली गेली. वहीत गुण होते, फाउल होते. पाळीचं काही नव्हतं. तिघे पंच मधे एकत्र आले. गेलन ऑर्थ, लायलचा वीस वर्षांचा जोडीदार, यानं पुढचं मला सांगितलं.

"मला वाटलं तो प्रशिक्षक बरोबर असावा, पण माझी खात्री नव्हती," गेलन म्हणाला. "तिसऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी लायलला विचारलं, तुझ्याकडे काय आहे? त्यानं दोन्ही हात दोन्ही खिशांत घातले. आणि तसाच उभा राहिला. कुणी थंडीत उभं राहतं तसा."

मग लायलनं मान वर केली आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. हजार माणसांत त्याला ती लगेच सापडली.

मार्डेलला उत्तर माहीत होतं. ते तिच्या डाव्या मनगटावर होतं, कातडीत रुतून. तिला फक्त डाव्या हातानं केस मागे सारायचे होते. ती काय करतेय हे त्याला समजलं असतं. तेवढं त्याला अजून समजत होतं.

तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

"माझ्याकडे नाही," लायल गेलनला म्हणाला. "मला आठवत नाही. टेबलाचं घे."

चेंडू ग्रॅनलंडला मिळाला. एकदा चेंडू आत आला की ती चूक दुरुस्त होत नाही; नियमच तसा आहे. चार सेकंद राहिले असताना ग्रॅनलंडनं टोपलीत टाकला. शेजारच्या बाईनं मार्डेलला मिठी मारली. समोर होलब्रुकचा एक पोरगा डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मार्डेल त्याच्याकडे बघत राहिली. त्या पोराचं काहीतरी तिनं स्वतःखाली दाबून ठेवलं होतं.

परतताना गाडी तिनं चालवली. पाच वाजले होते, शेतांवर करडा उजेड होता आणि रस्त्यावरून भुसभुशीत बर्फ सापासारखा सरपटत होता. लायलनं दोन रबरबँड काढून समोर काचेपाशी ठेवले.

"कुणाचा होता?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "होलब्रुकचा."

"नक्की?"

तिनं स्टीअरिंगवरचा डावा हात पुढे केला. बाही मागे सरकली. त्यानं तो निळा रबरबँड पाहिला, त्याच्या कडेनं कातडीवर उठलेली लाल रेघ पाहिली.

"कधीपासून?"

"सामना सुरू झाल्यापासून."

"ते नाही विचारलं."

"दहा जानेवारीपासून," ती म्हणाली. "तुझी पँट धुताना."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून."

दीड महिना तो तिच्याआधी एकटाच त्यात राहत होता. ती एका खोलीत घाबरत होती, तो शेजारच्या खोलीत, आणि मधली भिंत दोघांनी मिळून बांधली होती.

"हात वर का केला नाहीस?" त्यानं विचारलं. रागानं नाही.

"आज केला असता तर बुधवारी पण करावा लागला असता."

तो थोडा हसला. "बुधवारचा सामना तर याहून लांब आहे. पेट्रोलसुद्धा तुलाच भरावं लागलं असतं."

पुढच्या गावात पेट्रोलपंपापाशी त्यानं गाडी थांबवायला लावली. उतरून, तिच्याकडे पाठ करून, त्यानं पंचांच्या नेमणुका करणाऱ्या रोस्केन्सला फोन लावला. काच बंद होती. त्याचा हात एकदा उजवीकडे गेला, एकदा डावीकडे. आपलं नाव काढायला सांगताना बाणाचंही सांगत होता तर. मग तो हात खाली लोंबता राहिला.

नेमणुकांचा कागद तिनं फ्रिजवरून काढला नाही. ओमाहाच्या डॉक्टरची तारीख मार्चमधली मिळाली, ती त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहिली. बुधवारी ती दोघं घरीच कॉम्प्युटरवर सामना बघत बसली. होलब्रुक खेळत होतं. मी रोल घेऊन गेले होते, मीही बसले. लायलच्या अंगात खिसे असलेला जुना झगा होता.

सामना अगदी बरोबरीत चालला. एकदा चेंडू अडला, लायलचा हात खिशात गेला. माशी हाकलावी तसा गेला आणि आला. दुसऱ्यांदाही. मार्डेल पडद्याकडे बघतच नव्हती. शेवटच्या मिनिटात पुन्हा दोघांनी चेंडू धरला आणि शिट्टी वाजली.

"पाहुण्यांचा," लायल म्हणाला.

पडद्यावर टेबल दिसत नव्हतं. कॅमेरा पोरांच्या पाठींवरच अडकला होता. मी मार्डेलकडे पाहिलं. तिनं आपल्या मनगटांकडे पाहिलं, आधी एका, मग दुसऱ्या. दोन्ही मोकळी होती. आज तिनं पाळी मोजलीच नव्हती.

"पाहुण्यांचाच," तो पुन्हा म्हणाला, जरा हळू, आणि आम्ही तिघं कॅमेरा वळायची वाट बघत बसलो.